नव्या लॅपटॉपला आधी कुणाचा हात लागला?

नवा लॅपटॉप घेतला की पहिल्याच दिवशी तो फॉरमॅट मारायचा, असा सल्ला देणारं कुणीतरी आता प्रत्येक घरात असतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला पुतण्या, पुण्यात आयटीत नोकरी करणारी भाची, नाहीतर ऑफिसातलं एखादं जाणकार माणूस. "कंपनीने आत नको ते भरलेलं असतं, सगळं पुसून स्वच्छ विंडोज टाका," असं त्यांचं म्हणणं. माझं बार्शीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जून-जुलैत बारावीनंतरचे प्रवेश सुरू झाले की, आणि पुढे दसरा-पाडव्याच्या खरेदीनंतर, झाकणावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेले कोरे लॅपटॉप माझ्या टेबलावर येतात. सोबत मागणी ठरलेली: "मॅडम, एकदा फॉरमॅट मारून द्या." बहुतेक वेळा मी "नको" म्हणते. काही वेळा मात्र गिऱ्हाइकाने मागितलेलं नसतानाही सांगते, की हा पुसल्याशिवाय वापरू नका. दोन्ही उत्तरं मी एकाच गोष्टीवरून ठरवते. हा लॅपटॉप तुमच्या हातात पडण्याआधी त्यात कुणी काय घातलं?

पुतण्या-भाचीचं म्हणणं हवेतलं नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. २०१४ च्या उत्तरार्धात लेनोवोने आपल्या काही लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचा प्रोग्राम कारखान्यातूनच घालून पाठवला. त्याचं काम जाहिराती दाखवण्याचं. तुम्ही एखाद्या साइटवर वस्तूचं चित्र पाहिलंत की तशाच वस्तूंच्या जाहिराती तो तिथे घुसवायचा. हे त्याला सुरक्षित साइटवरही करता यावं म्हणून जे केलं गेलं, ते भयंकर होतं. आपण बँकेची साइट उघडतो तेव्हा ती खरीच बँकेची आहे ना, हे ब्राउझर प्रमाणपत्रावरून तपासतो. कुणाची प्रमाणपत्रं खरी मानायची याची यादी विंडोजमध्ये असते. सुपरफिशने त्या यादीत स्वतःचं नाव घातलं आणि तुमच्या व बँकेच्या मध्ये जाऊन उभा राहिला. त्यातही कहर म्हणजे प्रमाणपत्र बनवण्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपमध्ये एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षा संशोधकाने ती बाहेर काढली आणि तिचा पासवर्ड शोधला. 'कोमोडिया'. सुपरफिशने ज्या कंपनीचा सुटा भाग वापरला होता, तिचंच हे नाव. याचा अर्थ, त्याच वायफायवर बसलेल्या कुणालाही तुमच्यासमोर बँक बनून उभं राहता आलं असतं. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि ३२ राज्यांनी लेनोवोशी तडजोड केली. राज्यांना ३५ लाख डॉलर मिळाले आणि असला प्रोग्राम घालण्याआधी ग्राहकाची संमती घेण्याचं बंधन कंपनीवर आलं.

लेनोवो एकटी नव्हती. नोव्हेंबर २०१५ मध्ये डेलच्या लॅपटॉपमध्ये 'ई-डेल-रूट' नावाचं असंच प्रमाणपत्र किल्लीसकट सापडलं. ग्राहकसेवा सोपी व्हावी म्हणून घातलं होतं, असं कंपनीने सांगितलं. नुसतं काढून टाकलं तर लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर ते परत यायचं. मे २०१७ मध्ये एचपीच्या काही लॅपटॉपमधला आवाजाचा ड्रायव्हर दाबलेलं प्रत्येक बटण एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवताना आढळला. पासवर्डसुद्धा. चाचणीसाठीचा कोड चुकून राहिला होता. २०१६ मध्ये ड्यूओ सिक्युरिटीने एसर, आसुस, डेल, एचपी आणि लेनोवो या पाचही कंपन्यांचे अपडेट आणून देणारे प्रोग्राम तपासले, तेव्हा वाटेत बसलेल्या माणसाला लॅपटॉपचा पूर्ण ताबा मिळेल असं भोक प्रत्येकात निघालं.

एवढं वाचल्यावर कुणीही म्हणेल, मग फॉरमॅटच मारावा. पण त्याच २०१५ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली आणि ती फारशी कुणी सांगत नाही. लेनोवोच्या काही मॉडेलांमध्ये कंपनीचा एक प्रोग्राम डिस्कवर नव्हे, तर मदरबोर्डवरच्या चिपमध्ये होता. डिस्क पुसा, नवी विंडोज टाका, तरी सुरू होताना विंडोज त्या चिपमधून तो उचलून पुन्हा बसवायची. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टनेच ही सोय कंपन्यांना दिलेली आहे. चोरीला गेलेला लॅपटॉप शोधणारा प्रोग्राम फॉरमॅटनंतरही टिकावा, असा तिचा मूळ हेतू. म्हणजे ज्या कंपनीवर विश्वास नाही म्हणून आपण डिस्क पुसतो, तिची चिप, तिचे ड्रायव्हर आणि तिचे अपडेट आपण तसेच वापरत राहतो. २०१९ मध्ये उघडकीला आलेल्या आसुसच्या प्रकरणात तर चोरांनी कंपनीचा अपडेट पाठवणारा सर्व्हरच गाठला होता. कंपनीची खरी डिजिटल सही असलेला अपडेट लोकांनी विश्वासाने घेतला. त्यातून आलेला घातक कोड मोजक्या, आधीच ठरवलेल्या मशीनवर नजर ठेवून होता. तुम्ही पहिल्या दिवशी फॉरमॅट मारला असता आणि नंतर कंपनीचा अपडेटर टाकला असता, तर तुम्हीही त्यात सापडला असतात.

या सगळ्या प्रकरणांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती बाब वेगळीच आहे. ही प्रकरणं पकडली गेली. कारखान्यातून निघालेली खोट एकाच वेळी लाखो मशीनमध्ये सारखीच असते. जगात कुठेतरी कुणी संशोधक, कुणी चिकित्सक विद्यार्थी ती उकरून काढतो, वर्तमानपत्रं छापतात, कंपनीला ती काढून टाकण्याचं साधन द्यावं लागतं, दंड होतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये काय आहे हे तुम्हाला कळत नसलं, तरी त्याच मॉडेलचा लॅपटॉप असलेल्या दुसऱ्या कुणाला तरी कळतं. दुकानात बसून एखाद्या मुलाने पेनड्राइव्हवरून जे टाकलं, त्यावर मात्र जगात कुणाचीही नजर नसते. ते फक्त तुमच्या लॅपटॉपमध्ये असतं आणि ते शोधायला कुणीही येणार नसतं.

म्हणूनच सील न फोडलेल्या खोक्यातून आलेला, ओरिजिनल विंडोज असलेला लॅपटॉप पुसायला मी नको म्हणते. पुसण्याला किंमतही मोजावी लागते, आणि ती मोजून माझ्याकडे आलेली मुलं मी दर हंगामात पाहते. रात्री व्हिडिओ बघून पेनड्राइव्ह बनवलेला असतो, सगळी पार्टिशन उडवायची तयारी असते आणि विंडोज कुठे टाकायची हे विचारणारं पान रिकामंच येतं. एकही ड्राइव्ह दिसत नाही. मुलगा घाबरतो, वडील त्याच्यावर ओरडतात, साठ हजारांचा लॅपटॉप एका रात्रीत बिघडवला म्हणून. बिघडलेलं काहीच नसतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी ही व्हीएमडी नावाच्या एका व्यवस्थेमागे असते आणि तिचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या पेनड्राइव्हमध्ये बऱ्याचदा नसतो. कंपनीच्या साइटवरून तो उतरवून वेगळा द्यावा लागतो. त्यातून पार पडलं तर पुढे वायफायचा ड्रायव्हर नसतो, आणि विंडोज ११ पहिल्या सेटअपलाच इंटरनेट मागते. तेही जमलं तरी काही दिवसांनी लक्षात येतं की बॅटरी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय गेली, पंख्याचा वेग कमी-जास्त करणारं बटण चालेना, कॅमेऱ्याची गुणवत्ता उतरली. हे सगळं कंपनीच्याच प्रोग्रामवर चालत होतं. कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन उडालं की कारखान्यातल्या स्थितीवर परत जाण्याची सोपी वाटही गेली. सोबत आलेलं ऑफिस आधी स्वतःच्या खात्याशी जोडून घेतलं नसेल, तर ते परत मिळवण्याचं लचांड आणखी वेगळं.

शिवाय हा खटाटोप करून हाती लागणारी विंडोज तरी कोरी असते का? स्टार्ट दाबलं की मायक्रोसॉफ्टने स्वतः मांडलेली ॲप्स आणि जाहिराती तिथे असतातच. कंपनीचा पसारा काढला तरी मायक्रोसॉफ्टचा राहतो.

मी करते ते काम याहून छोटं आहे आणि कुणालाही घरी बसून करता येईल असं आहे. सगळ्यात आधी महिना-वर्षभराच्या ट्रायलवर आलेला अँटिव्हायरस काढते. तो का घातलेला असतो, हे लोकांना माहीत असायला हवं. ट्रायल संपल्यावर जे पैसे भरतील त्यांच्यासाठी तो घातलेला असतो, आणि आपल्या लॅपटॉपवर जागा द्यायची म्हणून लॅपटॉप कंपनीला त्याचे पैसे मिळतात. मुदत संपत आली की लाल रंगाच्या पट्ट्या येऊ लागतात: तुमचा संगणक धोक्यात आहे, तुम्ही असुरक्षित आहात. नातवाशी व्हिडिओवर बोलण्यापुरता लॅपटॉप वापरणारे एक निवृत्त मुख्याध्यापक त्या पट्टीला घाबरून कार्डाने पैसे भरून मोकळे झाले आणि मग मला विचारायला आले, की मॅडम, आता तरी सुरक्षित आहे ना? त्यांना ते पैसे भरायची गरज नव्हती. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर फुकट असतो आणि दुसरा अँटिव्हायरस काढला की तो आपोआप जागा होतो. घरगुती वापराला, अपडेट वेळेवर घेत असाल तर, तो पुरतो. घाबरवून पैसे काढण्याचा हा धंदा मला मनापासून चुकीचा वाटतो. कायद्यात बसत असला तरी.

त्यानंतर गेम, खरेदीच्या साइटींचे शॉर्टकट, कंपनीची वॉरंटी वाढवायला सांगणारी खिडकी, हे सगळं सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून जातं. कंपनीचा बॅटरी आणि बायोस सांभाळणारा एक मुख्य प्रोग्राम मी ठेवते, बाकीचे काढते. मग विंडोजचे अपडेट पूर्ण होईपर्यंत चार्जर लावून बसायचं. मराठी टायपिंगसाठी कुठून तरी मिळालेलं सॉफ्टवेअर टाकून द्या, अशी मागणी हमखास येते. त्याची गरज नाही. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये पूर्वीपासून आहे आणि २०१९ च्या अपडेटपासून इंग्रजी स्पेलिंगने मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्डही मायक्रोसॉफ्टचाच आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घेतली की झालं. तासाभराच्या आत लॅपटॉप वापरायला तयार होतो, आणि त्यात काहीही पुसावं लागत नाही.

आता ज्या लॅपटॉपना मी पुसाच म्हणते, त्यांच्याबद्दल. आपल्याकडे 'डॉसवाला' लॅपटॉप मिळतो. त्यात विंडोज नसते, फ्री-डॉस असतं, म्हणून तो काही हजारांनी स्वस्त पडतो. असेंबल केलेल्या पीसीचंही तेच. दुकानदार म्हणतो, काळजी करू नका, सगळं टाकून देतो. विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, मराठी फॉन्ट, सगळं, आणि फुकट. हे 'सगळं' एका पेनड्राइव्हवर असतं. तो पेनड्राइव्ह कुणी बनवला, कधी बनवला, हे त्या दुकानदारालाही ठाऊक नसतं. आणि काही वेळा तर लॅपटॉपमध्ये ओरिजिनल विंडोज होम असतानाही तिच्यावर क्रॅक केलेली प्रो टाकून दिलेली असते, कारण हात त्याच पेनड्राइव्हला सरावलेला असतो.

असा एक लॅपटॉप काही दिवसांपूर्वी इथल्या एका कर सल्लागाराने आणला. तक्रार एवढीच की मशीन गरम होतं आणि पंखा सतत ओरडतो. खरेदीला सहा महिनेही झाले नव्हते. मी विंडोज सिक्युरिटी उघडली. सगळीकडे हिरव्या खुणा, अँटिव्हायरस चालू, काही धोका नाही. मग आतल्या पानावर, एकदम तळाशी असणारी 'एक्सक्लूजन्स'ची यादी उघडली. अँटिव्हायरसने कुठे बघायचं नाही, ते तिथे लिहिलेलं असतं. त्या यादीत एकच ओळ होती: सी ड्राइव्ह. आख्खा सी ड्राइव्ह. विंडोज क्रॅक करणारा ॲक्टिव्हेटर डिफेंडर चालू देत नाही, म्हणून टाकणाऱ्याने डिफेंडरला सांगून ठेवलं होतं की या घरात बघूच नकोस. त्यानंतर जे काही आत शिरलं असेल, त्याला अडवायला कुणी नव्हतं, आणि हिरव्या खुणा तशाच राहिल्या. या माणसाच्या लॅपटॉपवर शेकडो लोकांचे पॅन, आधारच्या प्रती, जीएसटीचे पासवर्ड आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलचे लॉगिन होते. त्या लोकांनी तर कुठलाही डॉसवाला लॅपटॉप घेतला नव्हता.

आपल्या विंडोजचं खरं-खोटं कुणालाही तपासता येतं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबलं की रनची छोटी चौकट उघडते. तिथे 'एसएलएमजीआर' ही इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि तिला लागून 'डीएलआय' असं टाइप करायचं. थोड्या वेळात एक खिडकी येते. तिच्यात 'ओईएम_डीएम' असं लिहिलेलं असेल तर विंडोज कंपनीने दिलेली आहे, तिची किल्ली मदरबोर्डवरच आहे. 'व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट' असं असेल तर सावध व्हा. ती पद्धत मोठ्या संस्थांसाठी आहे, निदान २५ मशीन असल्याशिवाय ती चालतच नाही आणि दर १८० दिवसांच्या आत तिला संस्थेच्या सर्व्हरकडून मुदत वाढवून घ्यावी लागते. घरात घेतलेल्या एकट्या लॅपटॉपवर ती असण्याचं सरळ कारण नाही. ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर गोष्ट वेगळी.

हे फक्त आपल्या गावातलं दुखणं नाही. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने चीनच्या वेगवेगळ्या शहरांतून वीस नवे संगणक विकत घेऊन तपासले. चारांमध्ये व्हायरस होता, आणि तो कारखान्यात नव्हे, कारखाना आणि ग्राहक यांच्या मधल्या हातांत कुठेतरी घातला गेला होता. २०१८ मध्ये याच कंपनीने भारतासह आशियातल्या नऊ बाजारांतून १६६ नवे संगणक घेतले, तेही मुद्दाम स्वस्त विकणाऱ्या आणि सॉफ्टवेअर फुकट देणाऱ्या दुकानांतून. त्यातल्या ८३ टक्क्यांत चोरीचं सॉफ्टवेअर निघालं. मायक्रोसॉफ्टला यात स्वतःचा माल विकायचा आहे, हे ध्यानात ठेवूनच हे आकडे वाचावेत. तरी माझ्या टेबलावर जे येतं त्याच्याशी ते जुळतात.

दुकानदारांना शिव्या घालण्यासाठी मी हे लिहीत नाही. मीही याच धंद्यात आहे. ऑनलाइनच्या भावाशी स्पर्धा करताना एका लॅपटॉपमागे हातात काय उरतं, मला माहीत आहे. आणि "सगळं टाकून द्या" हे गिऱ्हाईकच म्हणतं. नाही म्हटलं तर ते समोरच्या दुकानात जातं. पण दोन-चार हजार वाचवायला आपण जे घरात आणतो, त्यावर पुढे आपली बँक, आपले फोटो आणि दुसऱ्यांनी विश्वासाने दिलेली कागदपत्रं ठेवतो. हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायला आम्हाला जड जाऊ नये.

असा लॅपटॉप असेल तर रीसेटवर भागवू नका, कारण रीसेट त्याच विंडोजच्या पोटातून चालतो. आधी आपल्या फाइली बाजूला काढा, प्रोग्राम मात्र एकही घेऊ नका. भरवशाच्या दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा. लॅपटॉपच्या मॉडेलनुसार कंपनीच्या साइटवरून स्टोरेज आणि वायफायचे ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. मगच सगळी पार्टिशन उडवून नव्याने टाका. आणि इथे अनेकांना सुखद धक्का बसतो: मूळची विंडोज होम ज्याच्यावर प्रो टाकली होती, अशा लॅपटॉपमध्ये किल्ली मदरबोर्डवर शाबूत असते. नवी विंडोज ती स्वतः उचलते आणि ॲक्टिव्हेट होते. जी वस्तू लोकांनी पैसे मोजून घेतली होती, तीच त्यांना परत मिळते. डॉसवाल्या लॅपटॉपला मात्र लायसन्स घ्यावं लागेल, नाहीतर लिनक्स. लिनक्सला नाक मुरडू नका. केरळच्या सरकारी शाळांमधली मुलं वर्षानुवर्षं त्यावरच शिकली आहेत. पत्रं, हिशेब, इंटरनेट एवढंच काम असेल तर ते उत्तम चालतं. टॅली, सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, बोटांचे ठसे घेणारी यंत्रं ज्यांच्या कामात आहेत, त्यांनी विंडोजचंच लायसन्स घ्यावं.

राहिली तिसरी तऱ्हा, आणि तिनेच मला सर्वांत जास्त हळहळायला लावलं आहे. विंडोज ओरिजिनल, क्रॅक काही नाही, पण खोका दुकानात उघडला आणि सेटअप दुकानातल्या मुलाने करून दिला. विंडोज ११ ला सेटअपच्या वेळी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकाचा ईमेल, ओटीपी कोण विचारत बसणार? मुलगा आपलाच एखादा ईमेल टाकतो, डेस्कटॉप आणतो, लॅपटॉप पिशवीत. गिऱ्हाइकालाही सगळं तयार मिळाल्याचं समाधान. आता आत काय घडतं ते पाहा. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज डिस्क आपोआप कुलूपबंद करते, म्हणजे एन्क्रिप्ट करते. चोरीला गेला तर फाइली कुणाला दिसू नयेत म्हणून. २०२४ च्या अपडेटपासून तर हे आणखी सर्रास झालं आहे. त्या कुलपाची ४८ आकडी रिकव्हरी की विंडोज जपून ठेवते, पण पहिलं जे मायक्रोसॉफ्ट खातं सुरू झालं त्यात. म्हणजे दुकानातल्या मुलाच्या खात्यात. रोजच्या वापरात हे कधीच कळत नाही.

एका शिक्षिकेच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड वॉरंटीत बदलून आला. सुरू केल्यावर निळा पडदा आणि रिकव्हरी की मागणारा रकाना. त्यांना अशी काही की असते हेच माहीत नव्हतं. त्यांच्या खात्यात पाहिलं, तिथे काही नव्हतं. मी विचारलं, पहिल्यांदा लॅपटॉप सुरू केला तेव्हा ईमेल कुणाचा टाकला होता? "दुकानातल्या मुलाने काहीतरी टाकला होता, माझा मी नंतर घातला." तो मुलगा ते दुकान सोडून गेला होता. त्याचा फोन मिळवला, तर असे कितीतरी ईमेल बनवले, आता कुठला आठवणार, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नसावं. त्या लॅपटॉपवर वर्गातल्या मुलांचे प्रकल्प, त्यांनी बसवलेल्या नाटकांचे व्हिडिओ आणि वडिलांनी जपलेल्या जुन्या फोटोंच्या स्कॅन केलेल्या प्रती होत्या. मूळ फोटो वाळवीने गेलेले. ते कुलूप पक्कं आहे, माझ्यासारखीने काय, मोठ्या लॅबनेही ते किल्लीशिवाय उघडत नाही. मला तो लॅपटॉप पुसून द्यावा लागला. त्या काही बोलल्या नाहीत, पैसे किती झाले एवढंच विचारलं. मी घेतले नाहीत.

यात दोष विंडोजचा नव्हता, लॅपटॉप कंपनीचा नव्हता. खोका उघडण्याचा हक्क ज्याचा होता त्याने तो उघडला नव्हता, एवढंच. म्हणून मी प्रत्येकाला सांगते: लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होताना देश कुठला, कीबोर्ड कुठला, हे प्रश्न त्याने तुम्हाला विचारले पाहिजेत. ते न विचारता थेट डेस्कटॉप आला आणि वर 'यूजर' किंवा 'ॲडमिन' असं नाव दिसलं, तर तुमच्या आधी तो कुणीतरी वापरायला सुरुवात केलेली आहे. लॅपटॉप आजच घेतला असेल आणि वरच्या तपासणीत विंडोज कंपनीचीच निघाली असेल, तर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, रीसेट धिस पीसी या वाटेने जाऊन 'रिमूव्ह एव्हरीथिंग' करा आणि सेटअप स्वतःच्या ईमेलने पुन्हा करा. ड्रायव्हर जात नाहीत, पेनड्राइव्ह लागत नाही. मग आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात रिकव्हरी की दिसते का पाहा, ती कागदावर लिहा आणि लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे, घरच्या कागदपत्रांत ठेवा.

२०२५ च्या अखेरीस प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप आधीच घालून देण्याचा आदेश दूरसंचार विभागाने काढला, तेव्हा केवढा गदारोळ झाला. काही दिवसांत सरकारला ते बंधन मागे घ्यावं लागलं. मला तो गदारोळ योग्य वाटला. माझ्या वस्तूत मला न विचारता काय घालता, हा प्रश्न लोकांनी सरकारला विचारला. तोच प्रश्न लॅपटॉप विकणाऱ्या कंपनीला आणि कोपऱ्यावरच्या दुकानाला आपण विचारत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाला मालाचा दर्जा, शुद्धता आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क देतो. बिस्किटाच्या पुड्यावर आतल्या जिनसा छापलेल्या असतात, तशी लॅपटॉपच्या खोक्यावर आत घातलेल्या प्रोग्रामची यादी का नसावी? कुठला ट्रायलवर आहे, मुदत संपल्यावर किती पैसे मागणार आहे, हे विकण्याआधी का सांगू नये? आणि दुकानदाराने काही टाकून दिलं असेल तर ते बिलावर लिहायला काय हरकत आहे? जे बिलावर लिहिता येत नाही, ते गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये टाकायचं कशाला?

घरच्या खरेदीपेक्षाही मला काळजी वाटते ती शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती आणि छोट्या दवाखान्यांची. तिथे एकदम दहा-वीस संगणक येतात, सगळ्यांत कमी दर देणाऱ्याचे, आणि सगळ्यांत तोच एक पेनड्राइव्ह फिरलेला असतो. तिथल्या खरेदी समित्यांनी कोटेशन मागवताना प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांच्या खाली आणखी चार ओळी घालाव्यात. विंडोज कंपनीकडूनच घातलेली असावी. खोके संस्थेच्या माणसासमोर सील फोडून उघडावेत आणि पहिला सेटअप संस्थेच्याच खात्याने व्हावा. प्रत्येक मशीनची रिकव्हरी की लिहिलेली वही संस्थेकडे द्यावी. पुरवठादाराने वरून काही टाकलं असेल तर त्याची यादी लायसन्ससह बिलाला जोडावी, नसेल तर बिल मंजूर करू नये.